मुद्देमाल क्रमांक सतरा

देवराव दुर्ग्यांना जो आजार झाला होता त्याचं नाव त्यांच्या हुद्द्यापेक्षा लांब होतं, आणि सरकारी लाकूड डेपोत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे जरा लागलंच. हुद्दा होता वनपाल. आजार होता मल्टिपल स्क्लेरोसिस. नागपूरच्या डॉक्टरांनी तो कागदावर इंग्रजीत लिहून दिला आणि तोंडी मराठीत समजावला, की मेंदूतून हातापायांकडे जाणाऱ्या तारांवरचं वेष्टण जागोजागी खरवडलं गेलंय, त्यामुळे वरून हुकूम सुटतो पण खाली पोचत नाही. देवरावांना हे लगेच समजलं. चंद्रपूरहून सुटलेलं पत्र अहेरीला कसं पोचतं हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि दहा पावलं पुढे गेल्यावर ते कळायचं. बोटांत मुंग्या इतक्या की लाकडावर ठोकायचा सरकारी हातोडा हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागे. पण हे सगळं एक वेळ चाललं असतं. खरा जाच थकव्याचा होता. हा थकवा काम केल्यानं यायचा तसा न केल्यानंही यायचा, झोपून जायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला दिसायचा नाही. ताप असता तर निदान थर्मामीटर पुढे करता आला असता. “तुमी त दिसून राह्यले ठणठणीत,” असं भेटेल तो म्हणायचा, आणि ते ऐकून देवराव आणखी थकायचे.

डॉक्टरांनी पथ्य एकच सांगितलं, उन्हापासून लांब राहा, उष्म्यानं हा आजार चेकाळतो. “कुठी राहू?” देवरावांनी विचारलं. डॉक्टरांनी केसपेपरावरचा पत्ता वाचला. अहेरीपासून सात कोसांवरचा डेपो, चहूकडे जंगल, मे महिन्यात पारा शेहेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.

तेव्हापासून देवरावांनी बोलणंच टाकलं. क्वार्टरच्या भिंतीकडे तोंड करून ते बसून राहायचे. त्यांची बायको सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि मोजणं हा तिच्या अंगातलाच गुण होता. तिनं एका रविवारी मोजलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नवऱ्याच्या तोंडून अकरा शब्द निघाले आणि त्यातले सात ‘हो’ होते. जेवायला हो म्हणूनही ताट तसंच राहिलं होतं. तिला पायापेक्षा याचंच भय जास्त वाटलं.

त्यात शहाऐंशीच्या फेब्रुवारीत कागद आला. वनपाल श्री. दुर्गे यांनी एप्रिलच्या बावीस तारखेला चंद्रपूरला वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हावं. उभ्यानं करायच्या कामास ते अयोग्य ठरल्यास त्यांना सेवेतून मोकळं करण्यात येईल. ‘मोकळं’ हा शब्द देवरावांनी तीनदा वाचला. मोकळं होऊन आपण काय करणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. समोर भिंत होतीच. आज डेपोत जायचं म्हणून तरी माणूस उठतो, चप्पल शोधतो, ती पायातून गळते, पुन्हा घालतो. एकदा घरी बसलो तर आपण पुन्हा उठणार नाही, हे त्यांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीही नव्हतं.

या कागदाची बातमी क्वार्टरांच्या ओळीत अर्ध्या तासात फिरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या मनकर्णाबाईंनी मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची बाटली आणली आणि त्याचा वास इतका दांडगा, की पुढचे आठ दिवस डेपोतली कुत्री देवरावांच्या मागे अदबीनं चालत. पोस्टमास्तरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. रेंजर साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं की त्याच्या साळ्याला हुबेहूब असंच झालं होतं. “मंग तो बरा झाला का?” देवरावांनी विचारलं. “नाई ना, तो त बैलानं मारला होता,” ड्रायव्हर म्हणाला. अशा माणसांना उत्तर द्यायलाही जोर लागतो, आणि तोच तर नव्हता.

सत्यशीलानं सल्ले ऐकले, तेलाची बाटली परत केली आणि नवऱ्याला पुन्हा नागपूरला नेलं. तिथं त्या दवाखान्यात एक उंच जर्मन बाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पिलाटे नावाच्या कुणा त्यांच्याकडच्या माणसानं शोधलेले व्यायाम त्या रोग्यांना शिकवायच्या. चटईवर निजायचं, पोट आत ओढायचं, आणि श्वास सोडत सोडत हात-पाय इतके हळू हलवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस विसरला. बाईंचं हिंदी सरळसोट होतं. “पैर अच्छा होगा, ऐसा मैं नहीं बोलती,” त्या म्हणाल्या. “आदमी अच्छा होगा. श्वास छोड़ो. आप कबसे पकड़ के बैठे हैं?” देवरावांना कळेना की हिला कुणी सांगितलं. डॉक्टरांनी ते लांब नाव उच्चारल्यापासून त्यांनी खरंच श्वास पुरता सोडलेला नव्हता.

बाईंनी सायक्लोस्टाइल केलेलं एक चोपडं दिलं. त्यात चौदा पानं चटईवरच्या व्यायामांची होती आणि पंधराव्या पानावर एका यंत्राचं चित्र होतं. लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर सरकणारी फळी, फळीला स्प्रिंगा आणि दोरीचे पट्टे. हे पान बघू नका, याची गरज नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. इथंच त्यांचं चुकलं. सागाच्या थप्प्यांत जन्म घालवलेल्या माणसाला लाकडी चौकटीचं चित्र दाखवायचं आणि बघू नको म्हणायचं, हे काही खरं नव्हतं.

तरी देवरावांनी चटई करून पाहिली. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उताणे निजून, डोळे मिटून, श्वास सोडत होते आणि सत्यशीला शाळेत गेली होती, तेवढ्यात मनकर्णाबाई वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांनी जी किंकाळी फोडली ती डेपोच्या फाटकापर्यंत गेली. नऊ माणसं धावत आली. “अवो मी व्यायाम करून राह्यलो!” देवराव ओरडत होते, पण भोवळ आलेला माणूस काहीही बरळतो हे नऊच्या नऊ जणांना ठाऊक होतं. त्यांनी देवरावांना उचलून खाटेवर ठेवलं, कांदा फोडून नाकाशी धरला आणि ड्रायव्हरनं पुन्हा साळ्याची हकिकत सांगितली. त्या दिवशी देवरावांनी ठरवलं की सरकारी नोकरानं जमिनीवर निजून व्यायाम करणं हे पदाला शोभणारं नाही. जमिनीवरून उठताही येत नव्हतं, पण ते कारण त्यांनी सत्यशीलाला सांगितलं नाही. त्यांनी पंधरावं पान उघडलं.

अहेरीला बशीरभाई नावाचा सुतार होता. हात सोन्याचा, पण प्रश्न फार. “देवरावभाऊ, ये है क्या?” त्यानं पान आडवं-उभं धरून विचारलं. “सोनेका है तो सिरहाना किधर? बैठनेका है तो पीठ किधर? और चाक लगा के तुमाले जायचं कुठी हाये?” देवरावांनी तास घालवून समजावलं. बशीरभाईनं तोंडभर हो म्हटलं. डेपोच्या लिलावातला साग होता, त्याची पावती होती, मापं देवरावांनी स्वतः सुतानं काढली. रुळांसाठी आरागिरणीच्या जुन्या ट्रॉलीची चाकं मिळाली. स्प्रिंगा मात्र चित्रात बारीक होत्या आणि अहेरीत बारीक स्प्रिंगा कुणी विकत नाही, म्हणून बशीरभाईनं मोडीत निघालेल्या जीपच्या सीटखालच्या चार बसवल्या. महिन्यानं देवराव माल बघायला गेले तेव्हा चौकट झाली होती, फळी सरकत होती, पट्टे लागले होते, आणि डोक्याच्या बाजूला समोरासमोर दोन मोर कोरलेले होते.

“हे काऊन?” देवराव म्हणाले.

“नंगी लकडी अपने से देखी नहीं जाती,” बशीरभाई म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला, की देवरावांनी मोरांची तारीफ करून टाकली.

वस्तू बैलगाडीवर चढली. ती बांधायला तिच्याच पट्ट्यांचा उपयोग झाला, आणि धूळ बसू नये म्हणून बशीरभाईच्या बायकोनं, कमरजहाँनं, वरून पांढरी चादर घातली. देवराव गाडीवानाशेजारी बसले. जंगलातला रस्ता, वर सागाची पानगळ झालेली, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. वाटेत येणारीजाणारी माणसं गाडी बघून थांबत होती, टोपी काढत होती. देवरावांना वाटलं, लोकांत अजून आपला मान आहे.

डेपोच्या दोन कोस अलीकडे वनखात्याचा नाका होता. नाक्यावर सोमाजी नावाचा तिशीचा वनरक्षक असायचा. नोकरीत लागला तेव्हा देवरावांनीच त्याला काम शिकवलं होतं. “जयभीम भाऊ!” म्हणत सोमाजी धावत आला, त्यानं देवरावांना हात देऊन उतरवलं, पाणी दिलं, मग चादर वर केली आणि वाहतूक परवान्याची वही काढली.

“का लिहू भाऊ?”

“व्यायामाचं साहित्य.”

सोमाजीनं वहीतल्या छापील यादीवर बोट फिरवलं. पलंग, बाज, टेबल, खुर्ची, पाट, दार, खिडकी, बैलगाडी. “व्यायामाचं नाई दिसून राह्यलं,” तो म्हणाला. “चाकं हायेत, त गाडीत टाकू का? पण गाडीले धुरा पायजे.” त्यानं गाडीला फेरी मारली. “भाऊ, मी सांगतो तसं करा. पलंग म्हना. मोर बी हायेत. पलंग लिहितो, परवाना फाडतो, चाला तुमी घरी.”

आता इथं दुसरा कुणी असता तर पलंग म्हणाला असता, घरी गेला असता आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण देवराव दुर्ग्यांनी वीस वर्षांत एका ओंडक्याची जात चुकीची लिहिली नव्हती. ऐनाला साग म्हटलं नव्हतं आणि सागाला बिजा म्हटलं नव्हतं. एकदा खुद्द डिव्हिजनच्या साहेबांनी दारं म्हणून पाठवलेल्या फळ्या त्यांनी ‘फळ्या’ म्हणूनच लिहिल्या होत्या, तेव्हा त्यांची बदली होता होता राहिली. शरीर ऐकेनासं झाल्यापासून तर हाताशी तेवढंच उरलं होतं.

“सोमाजी,” ते म्हणाले, “हा पलंग नोहोय.”

“मले माहीत हाये भाऊ. पण—”

“मी तुले पयल्या दिवशी का शिकवलं?”

सोमाजीनं मान खाली घातली. “कागद नाई त बापालेबी सोडाचं नाई.”

“मंग?”

“मंग का, तुमीच सांगा आता,” सोमाजी रडकुंडीला येऊन म्हणाला.

देवरावांनी सांगितलं. पंचनामा कसा करायचा, ओळी कुठून सुरू करायच्या, ‘वर्णन’ या रकान्यात काय लिहायचं, तेही सांगितलं: अनोळखी लाकडी वस्तू, नग एक, चाके चार, मोर दोन. सोमाजी लिहीत गेला आणि डोळे पुसत गेला. अशा रीतीनं देवराव दुर्ग्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली स्वतःचा माल जप्त करवला. मग नियमाप्रमाणे तो जप्त माल जवळच्या सरकारी डेपोत जमा करायचा होता. जवळचा डेपो देवरावांचाच होता. गाडी तिथंच गेली, जिथं ती नाहीतरी जाणार होती, फक्त आता मागून सोमाजी सायकलवर पहारा देत येत होता.

डेपोत पावती फाडली गेली. ‘आरोपी’ या शब्दापुढे देवरावांनी सही केली आणि दोन ओळी खाली, ‘मुद्देमाल ताब्यात घेणार’ या शब्दांपुढे, पुन्हा सही केली. दोन्ही सह्या सारख्याच वाकड्या आल्या. मग हातोडा घेऊन चौकटीवर खूण ठोकली आणि वारलूनं गेरूनं आकडा घातला. वारलू हा डेपोतला जुना मजूर, माडिया, बोलायला त्यांच्याइतकाच काटकसरी. मुद्देमाल क्रमांक सतरा, सन शहाऐंशी.

घरी गेले तर मनकर्णाबाई, पोस्टमास्तर आणि ड्रायव्हर ओसरीवर बसलेले, आणि सत्यशीला लालबुंद झालेली. “तुमी अहेरीहून का आनून राह्यले ते माहीत हाये का लोकाइले?” ती म्हणाली. “सागाची तिरडी! पांढऱ्या चादरीची. पट्ट्याइची. अख्ख्या रस्त्यानं टोप्या काढल्या म्हने!” मनकर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “पन मी म्हनते देवरावभाऊ, तिरडी करावी बांबूची. साग कायले? अन् वर मोर!” देवरावांना टोप्यांचं फार वाईट वाटलं.

बावीस तारखेला बरोबर सव्वीस दिवस उरले होते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल डेपोबाहेर हलवता येत नव्हता. त्या संध्याकाळी सत्यशीलानं वर्गात विचारावं तसं विचारलं, “हालवता येत नाई. पन त्याच्यावर निजता येत नाई, असं कुठी लिवलं हाये का?”

देवरावांनी आठवून पाहिलं. कुठं लिहिलेलं नव्हतं. उलट मुद्देमाल आहे त्या स्थितीत राखावा असं लिहिलं होतं, आणि चाकं न फिरवली तर गंजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ते डेपोच्या शेडमध्ये मुद्देमालावर निजले. उंची खाटेएवढी होती, त्यामुळे निजणं आणि उठणं दोन्ही जमत होतं. पट्ट्यांत पाय घातले, पोट आत ओढलं, श्वास सोडत फळी मागे रेटली. पण जीपच्या सीटच्या स्प्रिंगा चार साहेबांना झेलायला केलेल्या असतात. त्यांनी देवरावांना परत पाठवलं ते असं, की फळी मोरांवर आपटली, डावी चप्पल उडाली आणि समोरच्या थप्पीच्या टोकावर जाऊन बसली. वारलूनं चपलेकडे बघितलं, देवरावांकडे बघितलं, आणि तो हसू लागला. आवाज नाही, नुसतं पोट हलतंय. देवरावांना आधी राग आला. मग त्यांना वर बसलेली ती चप्पल दिसली, आणि त्यांच्याही पोटातून काहीतरी सुटलं. ते हसले. इतके हसले की श्वास पुरता बाहेर गेला, जसा जर्मन बाईंना हवा होता तसा. मग थोडं रडूही आलं, पण शेडमध्ये वारलूशिवाय कुणी नव्हतं आणि वारलू चप्पल काढायला थप्पीवर चढला होता.

स्प्रिंगा वारलूनं काढल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावल्या. मुद्देमालात फेरफार झाला म्हणून देवरावांनी तसा शेरा नोंदवहीत लिहिला. आता फळी गाईसारखी जाऊ-येऊ लागली. दहा वेळा जायचं, दम घ्यायचा, पुन्हा दहा. मोजायला वारलू. “उंडी, रेंड, मूंद,” तो माडियात मोजायचा, आणि देवराव चुकले की पुन्हा उंडीपासून धरायचा. आठ दिवसांत डेपोतले आणखी दोन मजूर मोजायला येऊन बसू लागले. काही दिवस अंगात अजिबात जोर नसायचा. तेव्हा ते फळीवर नुसते निजून श्वास सोडायचे आणि वारलू तेही मोजायचा. पाय होता तसाच होता, चप्पल गळत होतीच. पण देवराव रात्रीचे झोपू लागले. एका रविवारी सत्यशीलानं पुन्हा मोजायला घेतलं आणि दुपारीच सोडून दिलं, कारण ते मनकर्णाबाईंना, तिरडीला बांबू हिरवा चालतो की वाळलेला, हे खुलासेवार विचारत होते.

बावीस तारखेला चंद्रपूरला तीन डॉक्टर बसले होते. देवरावांना चालायला सांगितलं. ते अकरा पावलं चालले, बाराव्याला चप्पल गळाली. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तेव्हा पाय भलतीकडेच गेला. मोठ्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले. “यात लिहिलंय, रोगी उदास, झोप नाही, बोलत नाही. आता?” देवरावांनी सांगायला सुरुवात केली. पंधरावं पान, मोर, सोमाजी, दोन सह्या, थप्पीवरची चप्पल. तिन्ही डॉक्टर टेबलावर हात ठेवून हसले आणि बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मग मोठ्या डॉक्टरांनी डोळे पुसले आणि जे लिहायचं तेच लिहिलं. पायांत सुधारणा नाही. उभ्यानं करायच्या कामास अयोग्य. बसून करायच्या कामास योग्य.

देवराव त्यांच्यावर चिडले नाहीत. त्यांनीही तेच लिहिलं असतं.

अडचण अशी की बसून करायचं काम रिकामं नव्हतं. अहेरीच्या कचेरीतला म्हातारा कारकून नोव्हेंबरअखेर निवृत्त व्हायचा होता, त्याची खुर्ची तेव्हा मोकळी झाली असती. पण मोकळं करायचं पत्र देवरावांना मेमध्येच आलं: जूनच्या पहिल्या तारखेस चार्ज देऊन मोकळं व्हावं. ते पत्र घेऊन देवराव रेंजर जलालुद्दीन साहेबांपुढे बसले. साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि चेहरा असा, की कालच झाली असावी. त्यांनी चार्जची यादी खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

“देवराव, ही सतरा नंबरची केस चालू आहे ना?”

“हो साहेब. अठ्ठावीस तारखेले तुमच्याचपुढं हाये.”

साहेब उठले, कपाटातून एक पिवळं पडलेलं परिपत्रक काढलं आणि मोठ्यांदा वाचलं. मुद्देमाल ताब्यात असलेल्या इसमास, प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत, चार्जमधून मोकळं करता येणार नाही. साहेबांनी ते पुन्हा घडी घालून ठेवलं. “निकाल लागेपर्यंत,” ते सावकाश म्हणाले. “अब निकाल कब लगेगा, ये तो अल्लाह जाने और साक्षीदार जाने.”

अठ्ठावीस मेला बाहेर ऊन असं होतं की डेपोच्या फाटकाची साखळी हातात धरवत नव्हती. खात्याची सगळी माणसं तेंदूपत्त्याच्या हंगामाला जंगलात गेलेली, त्यामुळे कामकाज लिहायलाही कुणी नव्हतं, आणि आरोपीचं अक्षर बऱ्यापैकी होतं. डेपोच्या कचेरीत वाळ्याच्या पडद्याआड रेंजर साहेब बसले. समोर देवराव दौत-टाक घेऊन, एका बाजूला पंच म्हणून वारलू, आणि दुसऱ्या बाजूला फिर्यादी सोमाजी, नाक्यावरून सायकल मारत आलेला, घामानं निथळलेला. चहा आला.

“लिहा,” साहेब म्हणाले. “फिर्यादी वनरक्षक गैरहजर. सबब प्रकरण तहकूब. पुढील तारीख, पंधरा डिसेंबर.”

देवरावांनी ‘फिर्यादी वनरक्षक’ इथपर्यंत लिहिलं आणि टाक थांबला. हाताच्या मुंग्यांनी नाही, हात बरा होता. समोर सोमाजी बशीत चहा ओतत होता. देवरावांना ती तारीख हवी होती. जन्मात कुठलीच गोष्ट त्यांनी इतक्या हावरेपणानं मागितली नव्हती. त्यांना सकाळचं ते शेड हवं होतं, वारलूचं मोजणं हवं होतं, डिसेंबरात अहेरीची ती खुर्ची हवी होती. एक शब्द लिहायचा होता. पलंग लिहायला नाही म्हणाले तेव्हा फक्त एक वस्तू गेली होती, आणि तीही गेली नव्हती. आता ते बसून होते, टाकाच्या टोकावर शाई जमत होती, आणि त्यांचा श्वास पुन्हा छातीत अडकला होता. साहेब खिडकीकडे बघत होते.

सोमाजीनं बशी खाली ठेवली. टोपी घातली. पडदा सारून तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि तिथून त्याचा आवाज आला.

“भाऊ, व्हरांडा हापिसातच येते का?”

देवरावांनी डोळे मिटले. “येते,” ते म्हणाले.

तीन पायऱ्या उतरल्याचा आवाज झाला. मग फुफाट्यातून बुटांचा. पडद्याच्या फटीतून दिसलं, सोमाजी अंगणाच्या मधोमध, सावलीचा एक ठिपकाही नाही अशा जागी, हात मागे बांधून, फाटकाकडे तोंड करून उभा होता.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता नाई,” देवराव म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला, सगळा, अगदी तळापर्यंत, आणि लिहू लागले. बोटं सावकाश चालतात, त्याला ते तरी काय करणार. गैरहजर. सबब. तहकूब. पंधरा डिसेंबर. वारलू ओठांतल्या ओठांत शब्द मोजत होता. खाली साहेबांनी सही केली, देवरावांनी शाईवर टीपकागद दाबला आणि मग खिडकीतून हाक मारली.

“सोमाजी, ये बापा आत. चहा थंडा होऊन राह्यला.”